खुर्चीवरची फुली

मार्च 2021. साठीच्या पुढच्यांना करोनाची लस सुरू झाली आणि मी आईला मरोद्याहून भिलाईतल्याच एका दवाखान्यात घेऊन गेलो. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. व्हरांड्यात तीन-तीन खुर्च्या जोडलेली पत्र्याची बाकं, आणि प्रत्येक मधल्या खुर्चीवर लाल चिकटपट्टीची फुली. बाकीच्या भरलेल्या. आई बराच वेळ भिंतीला टेकून उभी राहिली. मग सोसवेना म्हणून फुलीवरच टेकली.

‘माताजी, यहाँ बैठना मना है,’ गार्ड म्हणाला.

‘अरे बाबा, मग बसू कुठं?’ आई मराठीतच म्हणाली. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी चपला खाली ठेवून ती फरशीवर बसली. नाव पुकारल्यावर तिला उठवायला दोघं लागलो.

खुर्ची न मिळालेले बाकीचे सगळे खिडकीपाशी जमले होते, एकाचं पोट दुसऱ्याच्या पाठीला. अंतर राहावं म्हणून जागा कमी केल्या आणि जागा कमी केल्या म्हणूनच अंतर मोडलं. हे दिसायला तज्ज्ञ लागत नाही, पाच मिनिटं व्हरांड्यात उभं राहावं लागतं.

2020च्या एप्रिलमध्ये कुणालाच काही कळत नव्हतं, तेव्हाची फुली मी समजू शकतो. पण वर्ष उलटल्यावरही तीच? लग्नांवर बंधनं होती, मंडपवाल्यांच्या खुर्च्या गोदामात थप्प्या लावून धूळ खात होत्या. पन्नास खुर्च्या भाड्याने आणून अंगणातल्या झाडाखाली सुट्या मांडल्या असत्या तर आई बसली असती, अंतरही राहिलं असतं आणि एका मंडपवाल्याची चूल पेटली असती. पण खुर्च्या मांडायला कुणाला तरी वाकावं लागतं. फुली मारायला चिकटपट्टी पुरते.

आणि ही फुली सगळ्यांसाठी सारखी नव्हती. जून 2020मध्ये मुंबईची लोकल अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाली तेव्हा एका गाडीत बाराशेंच्या जागी सातशेच माणसं नेऊ, असं रेल्वेने जाहीर केलं. विमानात मात्र मधली जागा भरायला मोकळीक होती. शक्यतो रिकामी ठेवा, नाही जमलं तर त्या प्रवाशाला अंगभर झगा द्या, एवढाच दंडक. जिथे एका जागेचे हजारो रुपये मिळतात तिथे फुली पुसली जाते. फुकट बसायच्या जागेवर ती पक्की राहते.

20 मे 2021ला केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने सांगितलं की बारीक तुषार हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, खिडक्या-दारं उघडी ठेवा. म्हणजे ‘दो गज की दूरी’ मोजून कोंदट व्हरांड्यात बसवलेला माणूस सुरक्षित नव्हताच. गावातला पार आठवा. बुंध्याभोवती गोल बसलेल्या माणसांच्या पाठी आत, तोंडं बाहेर, समोर मोकळी हवा आणि डोक्यावर सावली. कुणी कुणाच्या तोंडावर श्वास सोडत नाही आणि गप्पाही थांबत नाहीत. मरोद्यात झाडांना तोटा नाही. एकेका बुंध्याभोवती सतरा-अठरा इंच उंचीचा कट्टा, अधूनमधून टेकायला पाठ, हाताला धरून उठायला दांडा. याला किती सिमेंट लागतं?

त्याऐवजी जिकडे तिकडे तोच भोकं पाडलेला पत्रा. मे महिन्यात पारा 44च्या वर जातो आणि उन्हातली खुर्ची मांड्या भाजते. दर दीड फुटावर लोखंडी हात, म्हणजे रात्रभर नातेवाइकासाठी जागणाऱ्या माणसाने पाठही टेकू नये. 1959पासून लोखंड वितळवणारं, देशभर रेल्वेचे रूळ पुरवणारं हे भिलाई. इथल्या भट्टीपुढे उभं राहून ज्यांनी नोकरी काढली, ते आज पेन्शनच्या, औषधाच्या रांगेत पुन्हा उभेच आहेत.

फुल्या गेल्या. त्या व्हरांड्यातल्या खुर्च्यांवर चिकटपट्टीचा काळपट डिंक अजून आहे, साडीला लागतो. खुर्च्या तेवढ्याच आहेत, एकही वाढलेली नाही. आई आता पंच्याहत्तरीत आहे. दवाखान्यात निघताना फाइल, पाण्याची बाटली आणि घडीचं स्टूल, तिन्ही वस्तू ती आदल्या रात्रीच दाराशी काढून ठेवते.