पायरी ओळखली. आता लावा!

आमच्या बापजाद्यांना गावाने एकच धडा घोकून घेतला : पायरी ओळखून राहा. ठीक आहे. आज त्या पायरीवरच लिहायला बसलोय. फक्त ही पायरी लोखंडाची आहे.

मी मुंबईच्या गोदीत हमाली करतो. त्याआधी दोन वर्षं यवतमाळ जिल्ह्यात होतो, वणीकडे, रस्त्याच्या कामावरच्या एका ठेकेदाराच्या वेल्डरचा हेल्पर. उकणी, घोन्सा या उघड्या कोळसा खाणींचा हा मुलूख. जिकडे बघाल तिकडे डंपर, पोकलेन, डोझर.

ज्यांनी ही मशीनं लांबूनच बघितली त्यांना सांगतो. मोठ्या डंपरची कॅबिन माणसाच्या डोक्यावर. चढायला शिडी. आणि शिडीची सगळ्यात खालची पायरी सगळ्यात आधी मरते. दगडावर आपटते, चाकोरीत घासते, वाकते, तुटते. हे कारखान्याला माहीत असतं. म्हणून कित्येक मशीनांवर ती पायरी वायररोपला नाहीतर जाड रबरी पट्ट्याला टांगलेली असते. दगड लागला तर झुलते. बोल्ट खोलले की नवी बसते.

साइटवर काय होतं? उरलेला तुकडा 'आडवा येतो' म्हणून गॅस कटरने साफ. फारच बोंब झाली तर भंगारातली सळई वाकवून दोन टाके मारतात. गोल सळई, वर पावसाळ्यातली काळी माती. बुटाखाली साबणच की!

आय.एस.ओ. २८६७ नावाचं जागतिक मानक आहे. ते म्हणतं, पहिली पायरी जमिनीपासून ४०० मिलिमीटरवर असावी, जास्तीत जास्त ७००. आमच्या डंपरची मी टेपने मोजली. ९८०. कंबरेएवढी.

एक ऑपरेटर दादा पहाटे रात्रपाळी संपवून उतरत होता. अंधारात सवयीच्या जागी पाय टाकला. पायरी तिथे नव्हती. मधल्या सुट्टीत आम्हीच कापली होती. कटरची नळी मी धरली होती. त्याची टाच फुटली. रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं : ऑपरेटरचा निष्काळजीपणा. दवाखान्यात तो मला एवढंच म्हणाला, "तुले मालूम होतं ना बे? मंग सांगतलं काऊन नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कापणारा आमचा, पडणारा आमचा. रजिस्टर लिहिणारा मात्र कधीच आमचा नव्हता.

आणि साइटच्या फाटकावर बोर्ड : तोंड मशीनकडे ठेवा, दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात कायम टेकलेले ठेवा. बरोबर आहे. पण साहेब, पाय टेकायला आधी जागा तर द्या!

काम अवघड नाही. मशीन बंद करा, चाकाखाली ठोकळे द्या. बॅटरी सोडवा. अर्थचा चिमटा टाक्याच्या जवळच लावा, नाहीतर करंट बेअरिंग खातो. हायड्रॉलिकच्या नळ्या ठिणगीपासून झाका. चेसिसवर मनाला येईल तिथे वेल्डिंग मारू नका, मशीन बनवणाऱ्याला विचारा. पायरी दातेरी जाळीची लावा, चिखल खाली गळून जाईल. वर धरायला दांडे द्या. गोदीत बोटीच्या शिडीखाली जाळी बांधतात. माणूस पडू शकतो, हे तिथे मान्य आहे. मग इथे पडला की गुन्हेगार कसा?

३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. दोस्तहो, इथे तर शिडी होती. ती कापली. हुकूम वरच्याचा, हात माझे.

म्हणून वेल्डर-हेल्पर भावांनो, कटर खाली ठेवा. ऑपरेटर भावांनो, पायरी लागेपर्यंत चढू नका. मशीन उभं राहिलं की मालकाला एका दिवसात पायरी सापडते. एकटा नाही म्हणाला तर घरी जाईल, सगळे म्हणा.

पायरी ओळखून राहा म्हणता? ओळखली. ४०० मिलिमीटर.

लावा!