अडकलेली पिन आणि फिटरचा डोळा

रायपूरवरून भिलाईकडे कोळसा जातो. ती भुकटी, वर पावसाचे पाणी आणि ग्रीसची वानवा. जुन्या वॅगनच्या ब्रेक गिअरची पिन बुशमध्ये गंजते, गंज फुगतो, पिन जाम होते. असे कुठेही झाले की वरून एकच हुकूम: "मारा घण!"

साहेब, कडक पिनवर कडक घण बसला की पोलादाची कपची गोळीसारखी उडते. 1948 च्या कारखाना कायद्यात डोळ्यांच्या रक्षणासाठी कलम 35 घातले गेले, ते शोभेसाठी नव्हे. चष्मा मागणारा मात्र कामचोर!

गॅस लावायचा तर पिनला नव्हे, बाहेरच्या घराला. पिन तापली की फुगून आणखी आवळते. ग्रीसची वाट बुजली असेल तर आत कोंडलेले ग्रीस उसळून तोंडावर येते, म्हणून निपल आधी काढायचे. त्याहून बरे म्हणजे आदल्या पाळीत पातळ तेल मुरू द्यावे (मग तिथे ज्योत नको) आणि हायड्रॉलिक जॅकने पिन दाबून काढावी. याला वेळ लागतो, आणि टार्गेटच्या कागदावर तोच नसतो.

टपालातील साथींनाही जुन्या सामानावर नवे टार्गेट ओळखीचे असेल.

आम्ही मागतो ते एवढेच: पिन काढण्याचा वेळ कामात धरा, जॅक व चष्मे द्या, ग्रीस करणाऱ्या हेल्परांच्या रिकाम्या जागा भरा.