बाबूरावांच्या फौजेतले रोहिले कुठे गेले?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांत १८५७-५८ च्या लढ्यावर कार्यक्रम होतात, पण ते ठरलेल्या साच्यातले. १२ मार्चला बाबूराव शेडमाके यांची जयंती, २१ ऑक्टोबरला शहीद दिन. फोटोला हार, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचे भाषण आणि ते संपायच्या आत चहा. पोरं हजेरीसाठी बसतात. असे बरेच कार्यक्रम मी पाहिले. त्यांतला एकही ऐकून मुलगा घरी गेला आणि आजोबांना म्हणाला, 'हे खरं का हो?', असं होणं शक्य नाही, कारण विचारावं असं काही तिथे सांगितलंच जात नाही.

आणि सांगण्यासारखं तर भरपूर आहे. बाबूराव मोलमपल्लीचे, अहेरीच्या हाताखालचे लहान गोंड जमीनदार, वय पंचवीस. त्यांनी मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. नांदगाव-घोसरीला इंग्रजांशी चकमक झाली. २९ एप्रिलला प्राणहितेच्या काठी चिंचगुडीला तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला; गार्टलँड आणि हॉल मारले गेले, पीटर निसटला. त्या काळी तारेची लाइन तोडणं म्हणजे आज टॉवर आणि सर्व्हर दोन्ही पाडणं. चांद्याचा डेप्युटी कमिशनर क्रिक्टन हादरला तो यामुळेच. शेवटी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंच्या लोकांनी सप्टेंबरमध्ये बाबूरावांना पकडून दिलं आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात पिंपळाला फाशी झाली.

या फौजेत कोण होते? इंग्रजांच्या स्वतःच्या नोंदींत उत्तर आहे: गोंड आणि रोहिले. महाविद्यालयाच्या मंचावर यातला पहिला शब्द राहतो, दुसरा गळतो. कधी 'इतर' होतो, कधी 'सहकारी'. आणि कुणी रोहिल्यांचं नाव घेतलंच तर पुढे 'लुटारू' ठरलेलं.

माझी खरी तक्रार इथे आहे. चांद्याच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी बाबूरावांच्या कामगिरीलाही 'लूट' असंच लिहून ठेवलंय. त्यातला बाबूरावांसाठीचा शब्द आपण खोडला, आणि बरोबर केलं. सरकारविरुद्ध उठलेल्याला सरकार लुटारूच म्हणणार. पण त्याच दप्तरातला तोच शब्द रोहिल्यांना मात्र जसाच्या तसा चिकटलेला राहतो. एकाच साक्षीदाराचं अर्ध बोलणं खोटं आणि अर्ध वेदवाक्य, हे कुठल्या शास्त्रात बसतं? आमच्या धंद्यात सिस्टिम बंद पडली की आधी लॉग बघतात. न आवडणारी ओळ उडवून बाकीचा लॉग पुरावा म्हणून दाखवला, तर नोकरी जाते. प्राध्यापकांची जात नाही.

रोहिले इथे आले कसे, हे तरी सांगा. निजामाच्या मुलखात आणि नागपूरकर भोसल्यांकडे पठाण शिपाई पिढ्यान्‌पिढ्या चाकरी करत होते. १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं; दरबार गेला, त्याबरोबर फौजेची भाकरीही गेली. तलवारीशिवाय दुसरं कसब नसलेले लोक वाऱ्यावर आले. काही गोंड जमीनदारांकडे गेले, काही निजामाच्या हद्दीत भटकले. म्हणजे राजकीय कारण होतं आणि पोटाचंही होतं. पोटाचं कारण असलं की शहादत हलकी होते, असं मला वाटत नाही.

पलीकडे बघा. तेव्हाच्या निजामाच्या हद्दीत निर्मळकडे रामजी गोंड लढत होते आणि त्यांच्याबरोबरही रोहिले होते. तिथल्या वडाच्या झाडाला हजार माणसं लटकवली, असं लोक आजही सांगतात. हैदराबादेत १७ जुलै १८५७ ला रेसिडेन्सीवर चाल करून गेले तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन. नागपुरात जून १८५७ चा घोडदळाचा बेत फसला आणि दिलदार खान, इनायतुल्ला खान, विलायत खान, नवाब कादिर खान यांना फाशी झाली. हे सगळं एका नकाशावर ठेवलं तर गोंड आणि रोहिले एकत्र लढले तो अपवाद वाटणार नाही. या जंगलपट्ट्यात ती रीतच दिसते. असा नकाशा मी एकाही कार्यक्रमात पाहिला नाही.

आता आपल्याकडे वळतो, कारण बोट फक्त कॉलेजकडे दाखवून भागणार नाही. दोस्तहो, आपण काय करतो? व्हॉट्सअपवर यादी फिरवतो. 'इंडिया गेटवर ९५,३०० नावं, त्यातली ६१,९४५ मुसलमानांची' हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. तो साफ खोटा आहे. इंडिया गेटवर तेरा हजारांच्या वर नावं आहेत, आणि ती पहिल्या महायुद्धात आणि तिसऱ्या अफगाण युद्धात ब्रिटिशांच्या फौजेतून लढलेल्यांची. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध लढल्याचा अभिमान बाळगायचा, त्यांच्याच पगारावरच्या शिपायांची यादी आपण देशभक्तीचा दाखला म्हणून पाठवतो! असला मेसेज एकदा उघडा पडला की आपल्या खऱ्या गोष्टीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

खरी गोष्ट गुंतागुंतीची आहे, आणि म्हणूनच कामाची. लक्ष्मीबाईंच्या पदरीही रोहिले होते. भोपालपट्टणमला झोपलेल्या बाबूरावांना धरणारी तुकडी त्यांचीच होती, असं सांगतात. म्हणजे रोहिले दोन्हीकडे होते. आणि लक्ष्मीबाई? त्याही राजगोंड. गोंडही दोन्हीकडे होते. व्यंकटरावांची अडपल्ली-घोटची जमीनदारी नंतर बक्षीस म्हणून त्यांनाच मिळाली. तेव्हा 'आमची सगळी कौम शहीद' हा दावा ना त्यांना करता येतो, ना आपल्याला. कोण कुठल्या बाजूला उभं राहिलं हे जातीवरून किंवा धर्मावरून ठरलं नाही, एवढं तरी अठरा-वीस वर्षांच्या पोरांना कळायला हवं. 'तुमचं योगदान काय?' असं विचारणाऱ्याला मग यादी पाठवावी लागत नाही.

चंद्रपूरच्या तुरुंगाकडेच बघा. बाबूरावांचा पिंपळ त्या भिंतीच्या आत, आणि गैबीशाह वलींचा दर्गाही आतच. मोहरमला भाविकांसाठी दार उघडतं, २१ ऑक्टोबरला बाबूरावांना मानवंदना द्यायला लोक येतात. एकाच फाटकातून आत जाणारे हे लोक एकमेकांच्या दिवशी तिथे नसतात. कॉलेजला याहून चांगला वर्ग कुठे मिळणार? पण सहल निघते ती ताडोब्याला.

महाविद्यालयाने करायचं ते अवघड नाही. एका दिवसाचा सोहळा पुरे झाला. सहा महिन्यांत सहा खुल्या बैठका घ्या, गावकऱ्यांनाही बोलवा. इंग्रजी गॅझेटियरची ती दोन-तीन पानं मराठीत, गोंडीत आणि उर्दूत करून भिंतीवर लावा, 'लूट' या शब्दासकट. चिंचगुडीला बस न्या. घोट, आलापल्ली, अहेरीच्या म्हाताऱ्यांकडे काय गाणी आणि कहाण्या उरल्यात त्या मोबाइलवर रेकॉर्ड करा. बल्लारपूर-राजुऱ्याच्या खान मंडळींच्या घरीही जा. आणि त्या लढ्याचा वारसा बोलायचा असेल तर १८७८ चा जंगल कायदा, २००९ मध्ये मेंढा-लेखाला मिळालेला वनहक्क आणि सूरजागडची खाण हेही विषय घ्यावे लागतील. मला वाटतं, प्राचार्यांना खरी धास्ती याचीच आहे. रोहिल्यांचं नाव त्यापुढे किरकोळ.

तोवर आपण थांबायचं कशाला? तुमच्यापैकी जे या दोन जिल्ह्यांत शिकताहेत त्यांनी २१ ऑक्टोबरच्या दोन महिने आधी प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा. अर्ज मुसलमान विद्यार्थ्यांचा म्हणून देऊ नका. वर्गातल्या गोंड, माडिया, माना, बौद्ध, कुणबी मित्रमैत्रिणींच्या सह्या घ्या. मागणी एकच ठेवा: भाषणाऐवजी दोन तास, आणि त्या दोन तासांत मूळ नोंद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. सही-शिक्क्याची पोच घ्यायला विसरू नका.