दवाखान्यातले चिवट जंतू

वाचकहो, कपाशीवर एकच औषध वर्षानुवर्षे फवारले की बोंडअळी त्याला दाद देईनाशी होते, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. मरणाऱ्या अळ्या मरतात, चिवट तेवढ्या उरतात आणि पुढे त्यांचीच पिलावळ वाढते. जंतूंचेही तसेच आहे. मोठ्या इस्पितळांत अँटिबायोटिक औषधांचा मारा फार, म्हणून चिवट जंतूही तिथेच जास्त.

क्लेबसिएला हा त्यांतलाच एक. तो बहुतेक वेळा माणसांच्या हातांवरून, सलाईनच्या किंवा लघवीच्या नळीवाटे रोग्याला गाठतो. मग कोलिस्टिनसारखे राखीव औषध काढावे लागते, आणि तेही मूत्रपिंडाला जाचते. हेच औषध कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात घालत असत! २०१९ साली सरकारने त्यावर बंदी आणली, हे बरे झाले.

व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ साली डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुवायला लावले. आपण विहिरीत टाकतो त्या ब्लीचिंग पावडरच्या जातीचे ते पाणी होते. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले.

आजही पहिला उपाय तोच. रोग्याजवळ जाताना आणि निघताना साबणाने हात धुवा. त्याच्या खाटेवर बसू नका, नळ्या हाताळू नका. डॉक्टरसाहेबांना किंवा नर्सबाईंना ‘हात धुतले का?’ असे विचारायला भिऊ नका. लघवीची नळी असेल तर ‘अजून लागते का?’ हे रोज विचारा. आणि जीप भरून भेटायला जाण्यापेक्षा दोघांनीच जावे. बाकीच्यांनी रोगी घरी आल्यावर भेटावे.