आईच्या दागिन्यांचा हिशेब

दरसाल ६ डिसेंबरच्या आधी आपल्या जिल्ह्यातून मुंबईला जाणाऱ्या गाड्या खच्चून भरतात. भाकरीचे गाठोडे घेऊन आयाबाया दादरला उतरतात, चैत्यभूमीच्या रांगेत तासन्‌तास उभ्या राहतात. पायात बळ उरलेच तर हिंदू कॉलनीतले राजगृह आणि परळच्या पोयबावडीची बी.आय.टी. चाळ पाहून परततात. या गर्दीत शेतमजूर असतात, कोरडवाहू शेतकरी असतात. शेतकऱ्याचे या माणसाशी नाते जुने आहे. १९१८ साली शेतीच्या तुकड्यांवर त्यांनी निबंध लिहिला. १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडण्याचे विधेयक मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातल्या कुळांचा मोर्चा त्याच विधिमंडळावर नेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपले म्हणायला शेतकऱ्याला कोणाची परवानगी लागत नाही.

पण आज आम्हाला लिहायचे आहे ते त्यांच्या आईविषयी. भीमाबाईंची समाधी साताऱ्यात आहे. दादरची वाट पाठ असलेल्या आपल्यापैकी साताऱ्याला किती जण गेले? कार्यकर्त्यांनो, आधी आम्हीच कबूल करतो, आमच्यातलेही थोडेच गेले. नेत्याच्या आईचे नाव जयंतीच्या भाषणात एकदा घ्यायचे, 'माउली' म्हणून हात जोडायचे आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचे, ही आपली रीत. हात जोडले की हिशेब विचारावा लागत नाही. आज तो विचारू.

भीमाबाई मुरबाडकरांच्या घरच्या. वडील लष्करात सुभेदार, त्या काळच्या मानाने खातेपिते घर. सासर मात्र गरीब. रामजी सकपाळ तेव्हा फौजेत हलक्या पगारावर होते. या गरिबीवरून माहेरी बोलणे लागले, तेव्हा 'अंगावर दागिने चढतील तेव्हाच माहेरची पायरी चढेन' असे त्या मानी बाईने म्हटल्याची आठवण सांगतात. नवरा दूर पलटणीत, त्याच्याकडून येणारे पैसे अपुरे, म्हणून मुंबईत सांताक्रूझला रस्त्यावर खडी टाकण्याच्या कामालाही त्या गेल्याचे सांगितले जाते. सुभेदाराची लेक खडीच्या कामावर गेली, पण माहेरी हात पसरला नाही. पुढे रामजी चढत चढत सुभेदार झाले, लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले. घरात चार डाग आले.

या बाईची चौदा बाळंतपणे झाली. चौदावे महूच्या छावणीत, १४ एप्रिल १८९१ रोजी. चौदांपैकी जगली पाच : बाळाराम, आनंदराव, भीमराव हे मुलगे आणि मंजुळा, तुळसा या मुली. नऊ लेकरे डोळ्यादेखत गेली. रामजी निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोलीला आणि तेथून साताऱ्याला आले. तिथे १८९६ साली भीमाबाई गेल्या. धाकटा पाच वर्षांचा होता. ज्याने पुढे देशाची घटना लिहिण्याचे काम पेलले, त्याला आई लाभली ती एवढीच वर्षे.

मग पोरे वाढवली कोणी? रामजींच्या बहिणीने. मीराबाई पाठीने वाकलेल्या होत्या. त्या वाकल्या पाठीवर त्यांनी भावाचा संसार घेतला. काही काळाने रामजींनी दुसरे लग्न केले. सावत्र आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने पाहून लहान भीमराव दुखावले, असे चरित्रांत आहे. यात त्या नव्या बाईला दोष देण्यात अर्थ नाही. दागिना बाईच्या अंगावर असतो, पण तो कुणाच्या अंगावर चढायचा हे घरातला कर्ता पुरुष ठरवतो. ज्या दागिन्यांसाठी भीमाबाईंनी माहेर तोडले, त्यावर त्यांचाही हुकूम नव्हता आणि त्यांच्या मागे आलेल्या बाईचाही नव्हता.

वडिलांच्या जिवावर राहायचे नाही, असे त्या मुलाच्या मनाने घेतले. साताऱ्याची पोरे मुंबईला जाऊन गिरणीत लागतात हे त्याने ऐकले होते. परळ-लालबागच्या गिरण्यांचा भोंगा तेव्हा घाटावरच्या घराघरांत ऐकू येई म्हणा ना! भाड्याला पैसे हवेत, म्हणून आत्याच्या कमरेची पिशवी लांबवायची असे त्याने ठरवले. तीन रात्री जमले नाही, चौथ्या रात्री पिशवी हाती लागली. उघडून पाहतो तर आत अर्धा आणा. संसार ओढणाऱ्या बाईच्या कमरेला सारी मिळून अर्ध्या आण्याची पुंजी! तो मुलगा लाजला आणि त्याने अभ्यासात डोके घातले. ही हकीकत पुढे बाबासाहेबांनी स्वतःच सांगितली. तिच्यातून आपण मुलाच्या निश्चयाची गोष्ट नेहमी घेतो. पिशवीत अर्धा आणाच का होता, हे कोणी विचारत नाही.

पुढे हे कुटुंब मुंबईला आले. लोअर परळच्या डबक चाळीत एक खोली, तीतच स्वयंपाक, तीतच बिऱ्हाड, तीतच अभ्यास. पोराला लवकर निजवायचे आणि चाळ शांत झाली की रात्री दोनला उठवायचे, असा रामजींचा नेम. पोराला पुस्तकांचा नाद आणि बापाच्या हाती तुटपुंजे पेन्शन. मग रामजी जात ते लग्न झालेल्या लेकींकडे. लेकींचे दागिने गहाण पडत, पुस्तके येत, पेन्शन आले की दागिने सुटत. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव मॅट्रिक झाले. त्या सनदेवर मंजुळा आणि तुळसा यांची नावे नाहीत.

आणि रमाबाई? दापोलीजवळच्या वणंदच्या. बाप दाभोळ बंदरावर ओझी वाहणारा. लग्न भायखळ्याच्या बाजारात, रात्री, गाळे रिकामे झाल्यावर लागले. १९१३ साली पती अमेरिकेला गेले, १९२० ला पुन्हा लंडनला. मागे संसार रमाबाईंनी रेटला. पाच लेकरांपैकी एक यशवंत जगला. शेवटचा राजरत्न १९२६ साली गेला. धारवाडच्या वसतिगृहातल्या मुलांची उपासमार पाहून त्यांनी आपल्या बांगड्या काढून दिल्याची हकीकत अजून घरोघर सांगतात. पोयबावडीच्या चाळीतून राजगृहात आल्यावर सुखाचे दिवस थोडेच मिळाले. २७ मे १९३५ रोजी त्या तिथेच गेल्या.

बाबासाहेबांना या देण्याची जाण होती. १९२८ साली 'बहिष्कृत भारता'त त्यांनी लिहिले आहे, की आपण परदेशी असताना प्रपंचाचा भार हिने वाहिला आणि आपण परतल्यावरही पडत्या काळात शेणाच्या पाट्या डोक्यावर घ्यायला ही कचरली नाही. अशा बायकोसाठी चोवीस तासांतला अर्धा तासही आपल्याला काढता आला नाही, हेही त्यांनी लपवले नाही. चळवळीतला कोणता पुढारी छापील पानावर असे लिहितो?

ते लिहूनच थांबले नाहीत. त्याच १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची पगारी रजा देण्याच्या विधेयकामागे ते उभे राहिले, १९२९ साली तो कायदा झाला. १९३८ साली संततिनियमनाच्या बाजूचे त्यांचे भाषण विधानसभेत वाचले गेले. १९५१ साली त्यांनी केंद्रातले मंत्रिपद सोडले, त्याचे एक मोठे कारण हिंदू कोड बिल रखडवले गेले हे होते. त्या बिलात मुलीला आणि बायकोला मालमत्तेत हक्क द्यायचा होता. आईची चौदा बाळंतपणे, दुसऱ्याच्या हुकमाने चढणारे-उतरणारे तिचे दागिने, आत्याचा अर्धा आणा, बहिणींचे गहाण पडलेले डाग हे सारे एका बाजूला मांडा आणि हे तीन प्रयत्न दुसऱ्या बाजूला. कशाचे उत्तर कशात आहे, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

आता आपल्या घरात या. मृगाच्या तोंडावर बियाण्याला पैसे नसतात तेव्हा सराफाकडे किंवा बँकेच्या सोनेतारण खिडकीवर काय जाते? घरधनिणीचे मंगळसूत्र. पीक बुडाले किंवा भाव पडला की ते सुटत नाही. कर्जमाफीच्या यादीत सातबारा पाहतात, मोकळा गळा पाहत नाहीत. ज्या जमिनीसाठी दागिना गेला तिच्या सातबाऱ्यावर तिचे नाव आहे का? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. पाळीच्या दिवसांतही कोयता थांबू नये म्हणून बाया पोट फाडून घेतात. गिरणीकामगारणीला १९२९ साली जे मिळाले, ते कोयत्याला अजून मिळालेले नाही.

आणि बहिणींचे काय? मुलीला वडिलोपार्जित जमिनीत वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशभर तो २००५ साली लागू झाला. कायदा झाला तसा तहसिलीत हक्कसोडपत्रांचा ढीगही वाढला. रक्षाबंधनाला ओवाळणी घालायची आणि दिवाळीला आलेल्या बहिणीचा अंगठा हक्कसोडीवर घ्यायचा, हे करणारे भाऊ आपल्या बैठकांत पुढच्या रांगेत बसतात. शेतमालाचा भाव मागताना आपण म्हणतो, आमच्या घामाचा हिशेब द्या. तोच हिशेब घरातल्या बाईने मागितला तर आपण तिला माउली म्हणून गप्प करणार का?

शेतकरी चळवळीला हा प्रश्न परका नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमिनी केल्या. १९९२ साली शासनानेही परिपत्रक काढून नवऱ्याच्या अर्जावर बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट मोकळी केली. वाट आहे, चालणारे थकले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात बापाआधी आईचे नाव लावायचे ठरले आहे. दाखल्यावर आई आली, ती सातबाऱ्यावर कधी येणार?

ही पत्रिका हाती पडेल तेव्हा जिल्ह्याची बैठक सुरू झालेली असेल. बैठकीला आलेल्या प्रत्येकाने एवढे आठवावे, की आज घरची धार कोणी काढली, बैल कोणी सोडले, पाण्याची पाळी कोणी धरली. मग भावाच्या ठरावाबरोबर आणखी एक ठराव आम्ही मांडतो, तो असा : तालुक्याच्या प्रत्येक पदाधिकाऱ्याने पुढच्या बैठकीला येताना स्वतःचा सातबारा बरोबर आणावा. त्यावर बायकोचे नाव असेल तर सर्वांना दाखवावे, नसेल तर तलाठ्याकडे दिलेल्या अर्जाची पोच दाखवावी. आणि बहिणीचा अंगठा ज्याने हक्कसोडीवर घेतला असेल, त्याने जमिनीच्या न्यायावर भाषण करण्याआधी बहिणीच्या घरी जाऊन यावे.

६ डिसेंबरला दादरला जाऊच. जाताना एकदा साताऱ्याला उतरू. भीमाबाईंच्या समाधीपुढे उभे राहताना आपल्या घरच्या बाईचे नाव सातबाऱ्यावर असेल, तरच मान वर करून उभे राहता येईल.