ऑटोस्विच आणि दोन मार्कांचा प्रश्न

इंजिनिअरिंग प्रवेशाचे कॅप राउंड सुरू झाले की नाशकात एक वाक्य हमखास कानावर पडतं. "कॉम्प्युटर नाही मिळालं, मग इलेक्ट्रिकल घेतलं." सांगणाऱ्या बापाचा सूर असा, की पोराच्या पत्रिकेत मंगळच निघाला! आणि हे बोलणं चालतं कुठे, तर ज्या शहराच्या कडेला एकलहऱ्याचे २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, अंबड-सातपूरला स्विचगिअर बनतं आणि नाशिक रोडला रेल्वेचे विद्युत अधिकारी शिकायला येतात, त्या शहरात.

पण माझं भांडण बापांशी नाही, अभ्यासाच्या तऱ्हेशी आहे.

पॉवर सिस्टीमच्या तासाला निम्मी पोरं निफाड, दिंडोरी, सिन्नरकडची असतात. थ्री फेज कधी येते, डीओ (खांबावरचा फ्यूज) उडाला की काय होतं, एक फेज गेली की मोटर कशी घुमते आणि जळते, हे त्यांना दहावीच्या आधीच ठाऊक असतं. फळ्यावर मात्र पर-युनिटची गणितं. त्या गणिताचा आणि घरच्या डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, काही संबंध आहे, हे चार वर्षांत कुणी सांगत नाही.

ऑटोस्विचचंच घ्या. रात्री-बेरात्री लाइट आली की उठायला नको म्हणून शेतकरी तो बसवतो. त्यात त्याचा काय दोष? १०० केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीच्या अठरा मोटरी धरा. चालू असताना एकेक साधारण साडेसात अँपिअर घेते, म्हणजे सगळ्या मिळून १३५. डीपीची ताकद १३९ अँपिअर, जेमतेम भागतं. पण मोटर सुरू होताना सहापट करंट ओढते. लाइट आली आणि अठराही ऑटोस्विच एकदम लागले, तर क्षणभर ८०० अँपिअरच्या वर मागणी जाते. व्होल्टेज कोसळतं, मोटरी उचलत नाहीत, आणि तो क्षण लांबत जातो. महावितरण 'ऑटोस्विच काढा, कपॅसिटर लावा' म्हणून घसा कोरडा करते, ते यासाठी.

हाच पेच देशाच्या मापानं पाहायचा तर ३१ जुलै २०१२ आठवा. उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रीड एकाच दुपारी झोपल्या, सुमारे ६० कोटी लोक अंधारात गेले. आपली पश्चिम ग्रीड बचावली. बंद पडलेली ग्रीड उठवताना सगळा भार एकदम टाकत नाहीत. थोडा भार घ्यायचा, फ्रिक्वेन्सी पन्नास हर्ट्झजवळ स्थिरावू द्यायची, मग पुढचा फीडर. अठरा मोटरींच्या डीपीलाही नेमकं हेच हवं असतं. टायमर लावून मोटरी मिनिटा-मिनिटाच्या फरकानं सुरू करणं हा शेवटच्या वर्षाचा झकास प्रोजेक्ट होईल. प्रत्यक्षात प्रदर्शनात मी काय पाहतो? टाळी वाजवली की लागणारा दिवा. किट बाजारात तयार मिळतं.

तिकडे गावात डीपी जळते. पाणी बागेला हवं असतं, म्हणून पोरगा सुट्टीला आलेला असला की ती ट्रॉलीत चढवायला पहिली हाक त्यालाच. नेमप्लेटवर 'डीवायएन-११' कोरलेलं त्याच्या डोळ्यांसमोर असतं. व्हेक्टर ग्रुप; परीक्षेत दोन मार्कांना येतो.