तेव्हा तुम्ही कुठे होता?

चार वडीलधारी माणसे जमली की हा प्रश्न हमखास निघतो. १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री कुणी रेडिओला कान लावून बसलेले असते, कुणाची मिरवणुकीत चप्पल हरवलेली असते. लातूरच्या माझ्या आजीला लहानपणी मी हाच प्रश्न विचारला, तर ती शांतपणे म्हणाली, "निजामाच्या राज्यात!"

खरेच होते ते. लातूर काय किंवा नांदेड काय, आमचा मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा चालू होता. आणि रझाकारांचा पुढारी कासीम रझवी तर लातुरातच वकिली केलेला! भारतीय फौजा १३ सप्टेंबर १९४८ ला संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. आमचे स्वातंत्र्य असे तेरा महिने उशिरा आले.

आजी तेव्हा पंधरा वर्षांची, नवी नवरी. तिच्या दिराने बार्शीहून, म्हणजे हद्दीपलीकडून, छोट्या रेल्वेने येताना भाकरीच्या फडक्यात दडवून एक कागदी तिरंगा आणला होता. तो तेरा महिने ज्वारीच्या कणगीत राहिला. निजाम शरण आल्याची बातमी कळताच आजी तो घेऊन समोरच्या घरी धावली. तिथली मुसलमान सून तिच्याच वयाची, रोजची पाण्याची सोबतीण. दार बंद होते. ते कितीतरी दिवस उघडले नाही. "आमच्या दारात गुलाल होता, अन् तिच्या दारात भीती," एवढे बोलून आजी गप्प व्हायची.

ती भीती उगाच नव्हती, हे मला पुढे वाचनातून कळले. रझाकारांच्या जुलमाचा सूड त्या दिवसांत कितीतरी निरपराध मुसलमानांवर उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत नांदेड होते आणि उस्मानाबादही. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते.

माझी स्वतःची आठवण ३० सप्टेंबर १९९३ ची. आदल्या रात्री गणपती बोळवून आम्ही झोपलो होतो. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. किल्लारीच्या परिसरात हजारो माणसे गेली. आमची सारी गल्ली उघड्यावर आली होती. उजाडल्यावर पाहतो तो काय, आजी आणि समोरची खाला एकाच वाकळीत बसलेल्या, आणि दोन्ही घरांची दारे सताड उघडी!

आता मी नांदेडला शिकवतो. दर वर्षी १७ सप्टेंबरच्या आधी मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून आणायला सांगतो. आणि एक पुस्ती जोडतो, तीच तुम्हांलाही सांगतो. घरच्यांना विचाराच, पण या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन समोरच्या घरी जाल, तेव्हा तिथेही घटकाभर बसा आणि विचारा, "तेव्हा तुम्ही कुठे होता?"